राजाचं नाव निघालं की

भर वैशाखात कुमुदिनीने दत्तोपंतांच्या खांद्यावर शाल टाकली आणि मागे सरून नीट पाहिलं.

"आजोबा, जरा वाकून बसा ना. पुस्तकातले आजोबा असे ताठ नसतात."

"आता या वयात काय वाकणार, बाळ?"

दाढी नाही, मिशांना पीळ, बत्तिशी शाबूत. पुस्तकातल्या आजोबांशी काही म्हणजे काही जुळत नव्हतं. आपले आजोबा झकास गोष्टी सांगतात, अशी बढाई कुमुदिनीने शाळेत मारून ठेवली होती. खरं तर दत्तोपंतांनी जन्मात एक गोष्ट सांगितली नव्हती. उभी हयात संस्थानाच्या लालबाग महालात, महाराजांच्या चाकरीत गेली. तिथे ऐकायचं असे, बोलायचं नसे. संस्थान विलीन होऊन मध्यभारत झालं, तरी जिभेची सवय काही सुटली नाही.

तेवढ्यात चारुलता आणि नंदू पोरांची पलटण घेऊन हजर झालेच.

"झूठ निघालं ना, तर देख," चारुलता कुमुदिनीच्या कानाशी म्हणाली. "सगळ्या क्लासला सांगेन."

ओट्यावरची सतरंजी भरली. दत्तोपंतांनी घसा साफ केला.

"एक होता राजा..."

आणि ते खुर्चीतून उठले. शाल खाली पडली. कमरेत वाकून, हात जमिनीकडून कपाळाला नेत त्यांनी तीनदा मुजरा केला आणि मग बसले.

"ये क्या, आजोबा?" नंदूने विचारलं.

"राजाचं नाव निघालं की बसून राहायचं नसतं. तर, त्या राजाला..."

पुन्हा उठले.

कुमुदिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान खाली घालून ती सतरंजीचा दोरा उसवत राहिली. पोरं खिदळली, तिला वाटलंच होतं. पण वर पाहते तो चारुलता स्वतः उभी राहून मुजरा घालत होती आणि नंदू एवढा वाकला होता की गडगडत पायरीवर गेला. मग काय विचारता! राजा उठला, राजा जेवला, राजाला शिंक आली. दर खेपेला सगळा ओटा उभा राही आणि वाके. दिवेलागण झाली तरी राजा महालाबाहेर पडला नव्हता.

"तुझे आजोबा एकदम असली आहेत यार," जाताना चारुलता म्हणाली. "बाकीची गोष्ट कल, पक्का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आनंदीआजी दत्तोपंतांच्या गुडघ्यांना तेल चोळत होत्या.

"किती उठबस करावी माणसाने! आता कोण बघायला बसलंय?"

"पोरं बघतात की," दत्तोपंत म्हणाले. स्वारी भलतीच खुशीत होती.

दाराशी उभ्या कुमुदिनीचं मात्र लक्ष गुडघ्यांकडे होतं. ते चांगलेच सुजले होते. तिला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी पोरं जमताच तिने फर्मान काढलं, "आज राजा नाही. आज कोल्ह्याची गोष्ट."

सगळ्यांची तोंडं उतरली. दत्तोपंतांनी एकदा नातीकडे पाहिलं, एकदा पोरांकडे.

"बरं. एक होता कोल्हा. दाट जंगलात राहायचा."

ते खुर्चीत आरामात टेकले. पोरं सतरंजीवर चुळबुळत होती. थोडा वेळ गेला, तशा दत्तोपंतांच्या मिशा हलल्या.

"त्याच जंगलात एक सिंहही होता."

"सिंह म्हणजे जंगलाचा राजा!" चारुलता ओरडली आणि सगळा ओटा ताडकन उभा राहिला.

दत्तोपंतांनी खुर्चीचे हात धरले. कुमुदिनी जवळ गेली आणि तिने आपला खांदा पुढे केला.