राजाला एक घर

तुंगाने वजीर पुढे सरकवून घड्याळ दाबलं, आणि दाबतानाच तिला चूक दिसली. समोरच्या हयग्रीव नावाच्या निवृत्त पोस्टमास्तरांचा एकटा उरलेला राजा कोपऱ्यात उभा होता. त्याला शह नव्हता, आणि हलायला घरही नव्हतं.

तिचा हात आपोआप वजिराकडे गेला. घरी तेच करायची सवय. शिलाई मशीन चालवता चालवता तिला बुद्धिबळ शिकवणाऱ्या वडिलांचा, अप्पांचा, जुना नियम होता: राजा असा कोंडला तर डाव संपत नाही, कोंडणाऱ्याने चाल परत घ्यायची.

"चाल परत घेता येणार नाही," पंचबाई हळूच म्हणाल्या. "बरोबरी."

हयग्रीवच ओशाळले. "तेराशे रेटिंगवाला मी, अम्मा. हरायलाच बसलो होतो."

तुंगाने हसून दाखवलं. तिचं रेटिंग अठराशे दोन. जिंकली असती तर जेमतेम दीड गुण वाढला असता. इतक्या खालच्या खेळाडूशी बरोबरी म्हणजे आठ गेले. नंजनगूडच्या एका कारखान्याला संघासाठी खेळाडू हवी होती, पक्की नोकरी होती, पण पुढच्या रेटिंग यादीत अठराशे हवेत, आणि यादीआधीचा हा शेवटचा डाव. वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटची संधी. दहा वर्षं जीव तोडून खेळली आणि ऐन वेळी घरची सवय नडली. तिला अप्पांचा राग आला, अगदी मनापासून.

विजयनगरच्या स्पर्धेहून बसने घरी येईपर्यंत तो राग टिकला.

शेषगिरी अप्पा खाटेवर टेकून वाट बघत होते. पक्षाघाताने त्यांचा उजवा हात गेल्यापासून शिवणकाम तीच करत होती. स्पर्धा कशी असते ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"काय झालं गं?"

"शेवटी राजा कोंडला, अप्पा. माझ्याच हातून."

"अय्यो. मग चाल परत घेतलीस ना?"

तुंगाने चपला काढून भिंतीशी नीट लावल्या.

"घेतली."

"आणि मात?"

"झाली."

"सरी, सरी, छान झालं." अप्पांनी डाव्या हाताने डोळे पुसले. "मग आता त्या मशीनवर झाकण घाल. तुला कशाला लागतंय ते?"

"दोन ब्लाउज राहिलेत, अप्पा," ती म्हणाली, आणि सुईत दोरा ओवायला बसली.