पानवेलीला दिलेलं खत

मित्रांनो, मी एक जुनं निळं पिंप आहे. माझं तरुणपण वालीवच्या एका कारखान्यात साबणाचं पाणी सांभाळण्यात गेलं. झाकणाचे आटे झिजले तसं मला भंगारात काढलं. तिथून विलासभाऊंनी मला घासूनपुसून बोळिंजला आपल्या इमारतीच्या गच्चीवर आणलं, अंगाला भोकं पाडली आणि पोटात घरचा ओला कचरा कुजवायला घातला.

भाऊंना साध्या राहणीचं खूळच लागलं होतं. गाडी विकून त्यांनी सायकल घेतली. खोक्याला आरसे लावून ते उन्हात डाळ शिजवत. ती दुपारचे दोन वाजले तरी शिजायची नाही, मग आशालतावहिनी मुकाट्याने गॅस पेटवायच्या. माझं खत मात्र एक नंबर. भाऊ येणाऱ्याजाणाऱ्याला ते मूठभर हातात देऊन हुंगायला लावत. खोटं कशाला बोलू, मलाही फुशारकी चढली होती.

गच्चीच्या पलीकडच्या कोपऱ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या रोझलिनबाईंची पानवेल होती. वडिलांची पानवाडी विकली गेली तेव्हा त्यांनी तिथलं एक कांडं कुंडीत लावून आणलं होतं. वाडीचं दुसरं काहीच त्यांच्याकडे उरलं नव्हतं.

त्या वेलीला भाऊंना खास खत द्यायचं होतं. मासळीचं खत जोरकस असतं, असं त्यांनी कुठंतरी वाचलं. मग अर्नाळ्याच्या मासळीवालीकडून सुक्या मासळीची मुंडकी आणि चुरा पिशवी भरून आणला. "दादा, मिठातली हाय ती, चांगली धुवून घ्या," असं तिने बजावलं होतं. भाऊंनीच ते वहिनींना हसत सांगितलं. धुतली तर कस निघून जाईल, असं म्हणून त्यांनी पिशवी तशीच माझ्या पोटात रिकामी केली.

दोन महिन्यांनी माझ्या भोकांपाशी पांढरा थर धरला. माझ्याकडून होण्यासारखी खूण तेवढीच होती. भाऊंनी ती फडक्याने पुसली आणि खत वेलीच्या बुडाशी घातलं.

आठ दिवसांत पानांच्या कडा करपल्या. उरलेल्या खतात लावलेल्या भाऊंच्या मिरच्यांनीही माना टाकल्या. तेव्हा त्यांना कळून चुकलं. कुणी बघायच्या आत त्यांनी मिरच्यांची कुंडी रिकामी केली.

रोझलिनबाईंनी विचारलं, "भाऊ, काय झालं हो माझ्या वेलीला?"

"टँकरचं पाणी हल्ली खारट येतंय, बाई," भाऊ म्हणाले. खत माझंच होतं, मित्रांनो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवसापासून बाई प्यायच्या पाण्याचा कॅन घेऊन वर येऊ लागल्या. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि त्यांचे गुडघे दुखतात. दर चार पायऱ्यांनी त्या थांबत, ते मला वर ऐकू येई. त्यांची चाहूल लागली की भाऊ दुसऱ्या जिन्याने सटकत.

"अहो, सांगून टाका त्यांना," वहिनी रोज म्हणायच्या.

"वेल सावरली की सांगतो," भाऊंचं रोजचं उत्तर.

वेल सावरली नाही. बाराव्या दिवशी शेवटचं पान गळलं. बाई कुंडीपाशी कॅन धरून नुसत्या उभ्या होत्या. तेव्हा भाऊ पुढे झाले आणि त्यांनी सगळं सांगितलं: न धुतलेली मासळी, मीठ, पाण्याची थाप, सगळं.

बाईंनी कॅन खाली ठेवला. मग म्हणाल्या, "खत चुकून घातलंत, ते मी समजू शकते. आमच्या वाडीत भरतीचं खारं पाणी शिरलं, तर वडील त्याच दिवशी कांडी काढून नव्या मातीत लावायचे. तुम्ही त्याच दिवशी सांगितलं असतंत, तर एक तरी कांडं वाचवलं असतं मी."

कॅन घेऊन बाई कठड्याला धरून खाली उतरल्या. पुढे भाऊंनी नवी वेल आणून देतो म्हणून दोनदा विचारलं, दोन्ही वेळा त्या नको म्हणाल्या.

मित्रांनो, तुम्ही घरचा कचरा घरी जिरवा, भाजी पिकवा, सायकलने हिंडा. हे करताना चुकाल, चुकायचंच. पण चूक माझ्यासारखी पोटात ठेवू नका. भाजीची देठं कुजून त्यांचं सोनं होतं, हे मी जन्मभर पाहिलंय. लपवलेल्या चुकीचं मात्र खत होत नाही.