कॉलरच्या मागचं कार्ड

मी एक जुनी शिलाई मशीन आहे. पायांनी चालणारी आणि तोंडाने जरा फटकळ. माझा रंग उडालाय, चाक करकरतं, म्हणून घरातली थोरली लेक मला खडखडी म्हणते. म्हणू दे बापडी! तिची पहिली दुपटी मीच शिवली आहेत.

मित्रांनो, मी कारखान्यात घडले, वर्षभर दुकानात काचेमागे ताटकळले आणि मग माझ्या मालकिणीच्या हाती आले. ती लहान मुलांचे कपडे शिवते. थोरली झाली तेव्हा तिने आणि तिच्या नवऱ्याने ठरवलं, एक लेकरू पुरे. तिने मूल बंद होण्याचं ऑपरेशन करून घेतलं. पुढे नवरा आजारात गेला. मग कित्येक वर्षं आम्ही दोघींनीच संसार ओढला.

नंतर घरात कटर आला. म्हणजे कापड बेतणारा, मालकिणीचा दुसरा नवरा. बोलणं कमी, पण मला तेल घालायला कधी विसरला नाही. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला.

दोघांना एक मूल हवंहवंसं वाटू लागलं. पण मालकीण म्हणायची, "माझं दार मीच लावून बसले." गिऱ्हाइकांची झबली शिवताना तिचे डोळे भरायचे आणि टीप वाकडी जायची. एरवी मी वाकड्या टिपेवर कुरकुरले असते. तेव्हा मात्र टीप घालत राहिले.

शेवटी कटरने तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. परत आल्यावर दोघं माझ्याशेजारी बसून बोलले, म्हणून मला सगळं कळलं. मार्ग दोन होते. एक, बंद केलेल्या नळ्या ऑपरेशन करून पुन्हा जोडायच्या. दुसरा, नळ्यांना हातच लावायचा नाही. दोघांचं बीज प्रयोगशाळेत एकत्र करून गर्भ आईच्या पोटात ठेवायचा. कोणता बरा, ते मालकिणीचं वय, दोघांच्या तपासण्या आणि पहिल्या वेळी नळ्यांचं नेमकं काय केलं होतं, यावर ठरणार होतं.

"माझी कशाला तपासणी?" कटर म्हणाला.

"अहो, टाळी एका हाताने वाजते का?" मालकीण म्हणाली. गेला निमूट.

तपासण्या चांगल्या आल्या. अडलं ते पहिल्या ऑपरेशनच्या कार्डावर. ते हॉस्पिटल कधीच बंद पडलेलं. दोघांनी घर पालथं घातलं, गाद्या उचलल्या, डबे उपडे केले. कार्ड नाही मिळालं, तर जोडण्यासारखं काही उरलंय का, ते दुर्बिणीने आत बघितल्यावरच कळणार होतं. मालकिणीने हायच खाल्ली.

आणि मी? मी नुसती तळमळत होते. कार्ड माझ्याच खणात होतं हो! बऱ्याच वर्षांपूर्वी शाळेच्या फ्रॉकची घाईची ऑर्डर आली, पुठ्ठा संपलेला. 'आता याचं काय काम?' म्हणत मालकिणीने त्या जाड कार्डावरच कॉलरचा नमुना आखला आणि कापला. शेकडो फ्रॉकच्या कॉलरी त्यावर बेतल्या, छापील बाजू कायम खाली. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

एका दुपारी थोरलीच्या फ्रॉकसाठी मालकिणीने तो पुठ्ठा काढला. तो हातातून निसटला आणि उलटा पडला. थोरलीने उचलला. "आई, यावर तुझं नाव कसं? आणि हे काय... दोन्ही नळ्यांना रिंग?"

मालकिणीने तो तिच्या हातून ओढूनच घेतला. हसत होती की रडत होती, देव जाणे.

डॉक्टरीणबाईही ती कॉलर बघून खो खो हसल्या म्हणे. रिंग चढवून नळी आवळली असेल तर तिचा थोडाच भाग वाया जातो, त्यामुळे जोडायला आशा आहे, पण हमी नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आणि दिवस राहिले तर लगेच या, गर्भ कधी कधी नळीतच अडकतो आणि ते जिवावर बेततं, हेही बजावलं. मालकिणीने एवढंच विचारलं, "दोरा कोणत्या नंबरचा वापरता?"

"केसाहून बारीक."

"मग जोडाच. उसवलेलं जोडणं मला कळतं."

ऑपरेशन झालं. वर्ष सरलं तरी काही नाही. कटर म्हणाला, "अगं, दुसरा मार्ग आहेच. आणि तोही नको वाटला, तर आपण तिघं आहोत की." त्या वाक्यासाठी मी त्याची जन्मभर ऋणी आहे. पुढच्याच महिन्यात दिवस राहिले. दोघं त्याच आठवड्यात दवाखान्यात धावले आणि पुढे दोनदा तपासून आले. गर्भ जागेवर होता.

मित्रांनो, नंतर मालकिणीची विश्रांती, मग धाकटीचा जन्म, यात मी कित्येक महिने चादरीखाली धूळ खात पडून होते, पण रुसले नाही. मला मिळाली तशी माणसं सगळ्या मशिनींना मिळोत! तुमच्या घरातल्या जुन्या मशीनला वेळेवर तेल घाला. आणि दवाखान्याचा कागद, कितीही निरुपयोगी वाटला तरी, जपून ठेवा.

परवा आम्ही धाकटीचा पहिला फ्रॉक शिवला. मालकिणीने फाईलमधून ते कार्ड काढलं आणि त्यावरच कॉलर बेतली. या वेळी छापील बाजू वर ठेवून.