अर्ध्या मिशीला जैसे थे

न्हाव्याचं दुकान बरोबर हद्दीवर होतं. मोजणीवाल्यांनी दोन राज्यांमधली रेघ रस्त्यावरून ओढत आणली आणि दुकानापाशी वळवायचा कंटाळा केला. त्यामुळे पिवळा पट्टा दारातून आत शिरून, खुर्चीखालून थेट मोरीत गेला होता. न्हाव्याला त्याचं कधी काही वाटलं नाही. फरशी पुसताना तेवढा भाग जरा जोर लावून घासावा लागे, एवढंच.

त्या दिवशी खुर्चीत त्याचा मेहुणा बसला होता, बायकोचा थोरला भाऊ. बसवर तिकीट तपासनीस. मिशी अशी जबरदस्त, की फुकटे प्रवासी ती बघूनच खाली उतरत. न्हावी मिशीची कड नीट करत होता. बाहेरून बस गेली, मेहुण्याने मान वळवली आणि डावीकडची अर्धी मिशी त्याच्या मांडीवर येऊन पडली.

"तुमचा हात सरकला, दाजी," मेहुणा म्हणाला.

"तुमची मान वळली, दादा," न्हावी म्हणाला.

दोघांपैकी एकाने चूक कबूल केली असती तर प्रकरण तिथेच संपलं असतं. पण दोघेही हट्टाला पेटले. मेहुण्याने अलीकडच्या कोर्टात दावा लावला, की न्हाव्याने चारचौघांत माफी मागावी. न्हाव्याचा वकील उठून म्हणाला, या कोर्टाला हा दावा चालवताच येणार नाही. खुर्ची सरळ असली की गिऱ्हाइकाची मिशी अलीकडे असते, खुर्ची रेलली की पलीकडे जाते. आणि त्या वेळी खुर्ची रेललेली होती. मेहुण्याचा वकील म्हणाला, स्प्रिंग गेल्यामुळे ती खुर्ची अर्धीच रेलते. मग न्हाव्याने पलीकडच्या कोर्टात उलटा दावा ठोकला. हद्दीचा निकाल लागेपर्यंत पुराव्याला धक्का लागू नये म्हणून दोन्ही कोर्टांनी मिशीबद्दल 'जैसे थे'चा हुकूम दिला.

केसांना हुकूम कोण वाचून दाखवणार? दुसऱ्याच सकाळी भुंड्या बाजूला खुंट उगवले आणि हुकूम मोडला. मग दोन्ही कोर्टांनी मिळून देखरेखीला एक कमिशनर नेमला. त्याच्यासमोर रोज एक बाजू भादरायची आणि दुसरी आहे तेवढीच राखायची. काम मात्र न्हाव्यानेच करायचं, कारण दुसरा हात लागला तर पुरावा बदलेल. आणि वादी-प्रतिवादींनी आपसांत बोलायचं नाही.

"वादीला विचारा, पाणी फार गरम आहे का," न्हावी कमिशनरला म्हणे.

"पाणी फार गरम आहे का?" कमिशनर विचारी.

"प्रतिवादीला सांगा, कालच्यापेक्षा बरं आहे."

तिकडे बसमध्ये मेहुण्याची शोभा झाली. उजवीकडचे प्रवासी मुकाट तिकीट दाखवत, डावीकडचे तोंडावर रुमाल धरत.

एके सकाळी न्हाव्याची बायको तिघांचा चहा घेऊन आली आणि कमिशनरला म्हणाली, "या दोघांना सांगा, मला यांची तोंडं बघवत नाहीत. एकाचं अर्धं, एकाचं वाकडं."

कमिशनर बिचारा खरंच सांगायला वळला. मेहुण्याला हसू फुटलं. न्हाव्याने वेळेवर वस्तरा उचलला म्हणून बरं.

"प्रतिवादीला सांगा, मान माझीच वळली होती," मेहुणा डोळे पुसत म्हणाला.

"ऐकू आलं मला," न्हावी म्हणाला. त्याने वस्तरा पुसून बाजूला ठेवला. "हातही सरकला असेल थोडा."

समेट झाला. पण तो नोंदवून घ्यायला कोणतंच कोर्ट तयार होईना, कारण तो अधिकार कोणाचा हेच ठरलं नव्हतं. शेवटी त्यांना एका मध्यस्थाकडे पाठवलं. तो दूरच्या शहरातून कॉम्प्युटरच्या पडद्यावर उगवला.

"तुमचा वाद काय आहे?"

"काही नाही," दोघे म्हणाले.

"मग मी मिटवू काय? आधी वाद घेऊन या." पडदा काळा झाला.

दोघांनी दुकानात बसून भांडायचा प्रयत्नही करून पाहिला. मेहुणा म्हणाला, तुम्हाला वस्तरा धरता येत नाही. न्हावी म्हणाला, खरं आहे. पुढे काही सुचेना.

मेहुणा आरशात बघत राहिला. मग त्याने खुर्ची जाईल तितकी मागे रेलवली. "दाजी, काढून टाका उरलेली."

"हुकूम मोडेल, दादा."

"मोडू दे."

न्हाव्याने कमिशनरकडे पाहिलं. कमिशनरने खिडकीबाहेर पाहिलं. वस्तरा एकदाच फिरला.

अवमानाच्या नोटिसा दोन्ही कोर्टांतून आल्या, दोघांच्याही नावे. तारखेला न्हावी आणि मेहुणा एकाच बाकावर बसले. त्यांच्या वकिलांना विरोधात कोणी उरलं नाही, म्हणून ते कावरेबावरे झाले होते. शिक्षा कोणत्या कोर्टाने द्यायची यावर दोन्हीकडे वाद पेटला, आणि तो मिटेपर्यंत आरोपींना घरी जायला सांगितलं.

बायको दारातच उभी होती. "काय झालं?"

"दोघंही गुन्हेगार," मेहुणा म्हणाला. गुळगुळीत ओठावरून हात फिरवत त्याने न्हाव्याला आधी आत जाऊ दिलं. "एकाच बाजूचे."

"मग हात धुवा आणि जेवायला बसा," ती म्हणाली.