कानतुटका कप आणि कलपाची बाटली

मी कप बोलतो आहे. पूर्ण नाव रतन संभाजी ओव्हाळ, वय वर्षे सदतीस, मुक्काम विश्रांतवाडी, दुसरा मजला. कपास एवढे लांबलचक नाव कसे, असे आपण विचाराल. नाव माझ्या मालकांचे आहे. परंतु ते निळ्या तैलरंगाने माझ्या पोटावर लिहिलेले असल्यामुळे मी ते माझेच समजतो. शाळेचे तोंड मी पाहिलेले नाही. मालक वाचीत बसत, तेव्हा पुस्तकाशेजारी बसून जे उलटे दिसे ते वाचून शिकलो. माझी भाषा शुद्ध आहे, हे म्हणूनच मुद्दाम सांगतो.

रतनराव एका सरकारी कचेरीत शिपाई म्हणून लागले, तेव्हा इतरांचे कप फळीवर एका रांगेत असत आणि त्यांच्यासाठी खिडकीत एक पेला निराळा ठेवलेला असे. का, ते कोणी बोलत नसे; सर्वांना ठाऊक असे. चौथ्या दिवशी त्यांनी मला विकत आणले, स्वतःच्या हाताने नाव रंगविले आणि रांगेच्या मधोमध ठेवले. एका गृहस्थांनी मला तेथून हलविले. माझा कान गेला तो तेव्हा. दुसऱ्या दिवशी मी, कानाशिवाय, पुन्हा मधोमध! त्यानंतर मला कोणी हात लावला नाही. रतनराव परीक्षा देऊन कारकून झाले, निवृत्त झाले आणि मला पिशवीत घालून घरी घेऊन आले.

ही हकीकत त्यांनी घरी कधी सांगितली नाही. साहजिकच त्यांच्या पत्नी ललिताबाईंच्या लेखी मी केवळ कानतुटका. "हा पाहुण्यांसमोर काढायचा नाही," असा त्यांचा हुकूम. त्यामुळे माझी जागा नव्या कपांपासून दूर, डाळीच्या डब्यांमागे.

रतनरावांचे आणखी एक गुपित मला ठाऊक होते. सहासष्टाव्या वर्षीही त्यांचे केस काळेभोर. "आमच्या घराण्यातच आहे ते," असे ते सांगत. घराणे न्हाणीघरातील फळीवर, फिनेलच्या डब्यामागे, एका छोट्या बाटलीत होते.

चिरंजीव प्रज्ञेश यांचा छंद विलक्षण. वस्तू फोडायची आणि फुटतानाचे छायाचित्र घ्यायचे. न्हाणीघराची खिडकी पुठ्ठ्याने बंद करायची, बेचकी घट्ट आवळून बसवायची, स्टुलावर वस्तू मांडायची आणि गोळी अडविण्यासाठी मागे पांढऱ्या चादरीत गुंडाळलेली गोधडी लावायची. मग अंधार. कॅमेरा उघडाच, गोळी आदळल्याचा आवाज झाला की फ्लॅश क्षणभर उजळतो आणि तेवढाच क्षण चित्रात उतरतो.

कोथरूडच्या एका छायाचित्र मंडळाचे प्रदर्शन जवळ आले होते. एका रविवारी सकाळी प्रयोग सुरू झाला आणि रतनराव देखरेखीस उभे राहिले. दुसरा काम करीत असता गप्प राहणे त्यांना साधत नसे. पहिला टोमॅटो. दिवा बंद.

"डावीकडे घे जरा."

फ्लॅश उजळला. चित्रात धडधाकट टोमॅटो.

दुसरा टोमॅटो. "मी काही बोलत नाही," असे रतनराव म्हणाले, आणि फ्लॅश उजळला.

"बाबा, तो आवाजावर चालतो!"

"मग आधी सांगायला नको?"

"तीनदा सांगितलं!"

"टोमॅटो फुकट येतात का?" स्वयंपाकघरातून ललिताबाई. फ्लॅश पुन्हा उजळला.

पुढचे दोन टोमॅटो मात्र नीट फुटले. मग प्रज्ञेश म्हणाले, "आता एकच फोटो. तुमचा तो कानतुटका कप द्याल? तसाही पडूनच असतो."

स्वतःबद्दल काही समजावून सांगणे रतनरावांच्या स्वभावातच नव्हते.

"ने."

मला स्टुलावर मांडण्यात आले. इतक्यात प्रज्ञेश म्हणाले, "बाबा, मागच्या फळीवर दुसरा फ्लॅश ठेवतो. ते फिनेल काढा."

रतनरावांनी फिनेल काढले आणि त्याबरोबर बाटली मुठीत लपविली. चिरंजीव वायर आणण्यास वळले. चादर सारखी करण्याच्या निमित्ताने रतनरावांनी ती बाटली, पांढरे झाकण वर ठेवून, चादरीच्या घडीत खोचली. बरोबर माझ्या मागे. गोळी मला लागणार, मागे जाणारच नाही, असा त्यांचा हिशेब. माझ्या आडोशाने गुपित सुखरूप राहणार होते.

"या वेळी चकार शब्द नाही. शब्द द्या."

"दिला."

दिवा बंद झाला. मी सदतीस वर्षांची उजळणी सुरू केली. बेचकीचे रबर ताणल्याची करकर ऐकू आली. आणि मला बाजूने एक हात लागला. रुंद, माझ्या ओळखीचा. त्याने मला उचलले. माझ्या मागे काय आहे हे त्या हाताला पुरते ठाऊक होते. ते त्यानेच तेथे ठेविले होते.

गोळी सुटली. फट्! फ्लॅश उजळला.

आवाजाने ललिताबाईही आल्या, आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिघांनीही पाहिले. स्टूल रिकामे. मागे पांढऱ्या चादरीतून उसळलेला काळाकुट्ट फवारा, प्रत्येक थेंब हवेत टांगलेला. कडेला एक हात, आणि त्या हातात मी, नाव समोर.

ललिताबाईंनी फवारा निरखला. मग पतीचे डोके निरखले.

"अहो, हेच का आपलं घराणं?"

रतनरावांनी डोक्यावरून हात फिरविला.

"फोटो बेस्टच आलाय," प्रज्ञेश म्हणाले. "पण बाबा, कप का उचललात? तुम्ही शब्द दिला होता."

"बोललो का मी?" रतनराव म्हणाले. मग मला स्वयंपाकघरातील ओट्यावर ठेवून, इतक्या वर्षांत प्रथमच, त्यांनी खिडकीतल्या पेल्याची हकीकत सांगितली. तीन वाक्यांत आटोपली. ललिताबाईंनी मला धुतले, पुसले.

छायाचित्र कोथरूडला लागले. लोक फवाऱ्यापुढे थांबतात आणि माझे नाव वाचून जातात, असे ऐकतो. आपल्या घरी एखादा कानतुटका असल्यास त्यास बेचकीपुढे धाडण्यापूर्वी त्याच्या मालकास एकदा विचारावे, एवढीच विनंती.

त्यानंतर दोन बदल झाले. रतनरावांचे केस पांढरे झाले. आणि ललिताबाईंनी मला डब्यांमागून काढून नव्या कपांच्या रांगेत, मधोमध ठेवले.