चारशे बारा शब्द

"डिस्क कटकट करतेय," लॅपटॉपला कान लावून रेडिओवाला म्हणाला. "केव्हापासून?"

काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या बाईंना ते नीट सांगता येईना. सुरू व्हायलाच दहा मिनिटं घेतो, एवढंच त्यांना ठाऊक होतं. पडदा मागे दुमडून पाटीसारखा मांडीवर घेता येतो, बोटाने चालतो, म्हणून मुलीने तो बापाला दिला होता. यजमान बस चालवायचे. दोन वर्षांपूर्वी झटका आला, उजवं अंग गेलं, वाचा गेली. आता ते डाव्या हाताने पडद्यावरच्या चित्रांना बोट लावत आणि लॅपटॉप त्यांच्या वतीने बोले. हल्ली तो इतका रेंगाळे, की शब्द येईपर्यंत विषयच संपलेला असे.

रेडिओवाल्याच्या दुकानात रेडिओ उरले नव्हते. आधी टीव्ही आले, मग लॅपटॉप. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. यंत्राचं दुखणं तो अजूनही कानाने ओळखे. नवल वाटायचे दिवस मागे पडले होते.

"नवी एसएसडी डिस्क बसवतो," तो म्हणाला. "तिच्यात फिरणारं काही नसतं, चटकन चालते. पण जुनीतलं सगळं निघेलच असं नाही, ताई. दुसरीकडे कुठे ठेवलंय?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "चारशे बारा शब्द आहेत, दादा. तेवढे काढा. बाकी गेलं तरी चालेल."

त्या गेल्यावर त्याने मागचे स्क्रू काढले, बॅटरीची वायर सोडवली, डिस्क बाहेर काढून आपल्या यंत्राला जोडली. शब्द भराभर येऊ लागले आणि तीनशे ऐंशीवर गाडी अडली. डिस्क तापली होती. त्याने टेबलफॅन तिच्यावर वळवला आणि जेवण बाजूला ठेवून बसून राहिला. एकेक शब्द निघत गेला. निघालेले धड आहेत ना, म्हणून त्याने एक लावून पाहिला.

"मी आलो," बाईचा आवाज म्हणाला.

काहीतरी गल्लत झाली असं वाटून त्याने दुसरा लावला. "मी थकलो." तिसरा. "मला राग आलाय." आवाज तोच, काउंटरपलीकडचा. एकामागे भांडं पडल्याचा आवाज होता, एकात मधेच आलेला खोकला. घरातली कामं उरकता उरकता या बाईने नवऱ्याचं सगळं बोलणं स्वतः बोलून ठेवलं होतं, त्याच्या बाजूने. मग पुढचा वाजला. "तुझं नेहमीचंच आहे." त्यापुढचा, "मला नको म्हटलं ना."

आपल्याशीच भांडायला तिने त्याला शब्द दिले होते. रेडिओवाल्याचा हात माऊसवरच राहिला. इतक्या वर्षांत कुठल्याही यंत्रातून असं काही त्याच्या कानावर आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाई यजमानांना चाकाच्या खुर्चीतून घेऊन आल्या. चारशे अकरा निघाले, एक गेला, असं त्याने ओशाळून सांगितलं. कुठला, त्यांनी विचारलं.

"'गप्प बस'," तो म्हणाला.

त्या हसल्या. लॅपटॉपपुढे वाकून, चेहरा सरळ ठेवून त्यांनी तो पुन्हा बोलून दिला.

त्याने पडदा दुमडून ड्रायव्हरसाहेबांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी एका चित्राला बोट लावलं. "मी आलो." बोट उचलायच्या आत आवाज आला. चटका बसल्यासारखा त्यांनी हात मागे घेतला. पुन्हा लावलं. पुन्हा आला.

जेवणखाण कसं चाललंय, असं रेडिओवाल्याने त्यांना विचारलं, तर सवयीने बाईच सांगू लागल्या.

"गप्प बस," लॅपटॉप म्हणाला.

बाईंनी वाक्य अर्धंच सोडून यजमानांकडे पाहिलं. मग त्या हळूच स्टुलावर टेकल्या. "बरं," त्या म्हणाल्या. "सांगा."

"बस. बघायची. जायचं."

"डेपोत? अहो, केवढं लांब आहे ते. खुर्ची कोण ढकलणार?"

"तुझं नेहमीचंच आहे."

"माझं? आणि तुमचं काय हो?" बाईंचा आवाज चढला, आणि त्याला उत्तर देत लॅपटॉपमधला त्यांचाच आवाजही सुरू झाला. दोन्ही एकमेकांत घुसू लागले.

रेडिओवाला बाहेर येऊन पायरीवर उभा राहिला. चार्जर घेऊन एक गिऱ्हाईक आलं, आत शिरू लागलं. त्याने दारात हात आडवा धरला.

"जरा थांबा," तो हलक्या आवाजात म्हणाला. "आत बोलणं चाललंय."