बूट लहान झाले

आमच्या शिडीला व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना सगळे पालक हळूबाई म्हणतात. हे नाव मी ठेवलंय. ठेवलं तेव्हा टिंगल म्हणूनच ठेवलं होतं, उगाच खोटं कशाला बोलू.

शिडी म्हणजे माझ्या बहिणीची मुलगी. वय तेरा आणि उंची अशी की, पलंगावर झोपली तर पाय बाहेर. बहीण दवाखान्यात नर्स आहे, तिच्या ड्युटीचा काही नेम नसतो. म्हणून शाळा सुटली की पोरगी माझ्या पार्लरमध्ये येते, काहीतरी तोंडात टाकते आणि मी तिला मागच्या गल्लीतल्या व्यायामशाळेत सोडून येते. शिडी लांब उडी मारते. ती धावत येऊन हवेत गेली की मी श्वास घ्यायला विसरते, आणि हे मी मावशी म्हणून सांगत नाहीये. बरं, मावशी म्हणूनच सांगतेय.

व्यायामशाळा म्हणजे एके काळचं टायरचं गोदाम. आत अजून रबराचा वास येतो. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, लोखंडाचा खणखणाट ऐकू येईल, कोणी ओरडत असेल. तर आत चिडीचूप! पोरं एका बुटक्या लाकडी खोक्यावरून खाली उड्या मारत होती आणि बाई डोळे मिटून ऐकत होत्या. पाय टेकल्याचा आवाज आला की उडी परत. मग सगळ्यांच्या हातात एकेक लाकडी काठी दिली. काठी डोक्यावर धरायची, खाली बसायचं, उठायचं. आणि सारखं आपलं, ‘हळू. हळू.’

आठवडे गेले तरी काठी काही हातातून सुटेना. शेवटी मी बाईंना म्हटलंच, ‘बाई, ह्याच्यापेक्षा जड झाडू मी रोज उचलते.’

‘मग या ना आत, ताई,’ बाई म्हणाल्या. ‘चपला काढा.’

मी माघार घेणाऱ्यातली नाही. काठी डोक्यावर घेतली, ऐटीत खाली बसले. अर्ध्यात टाचा उचलल्या गेल्या, काठी पुढे, मी मागे, आणि बुड चटईवर. पोरं पोट धरून हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला हात दिला आणि म्हणाल्या, ‘रिकाम्या हातांनी जे चुकतं, ते वजन घेतल्यावर जास्त चुकतं. म्हणून आधी हे.’ घरी जाताना माझी कंबर तेवढी बोलत होती.

त्या दिवसापासून मी दाराशी उभी राहून बघायला लागले, आणि जितकं बघत गेले तितकी त्या बाईची गोडी लागली. कोणाचा गुडघा आत वळतो, कोण रात्री नीट झोपलेलं नाही, कोण जेवून आलेलं नाही, हे त्यांना चेहऱ्यावरून कळायचं. दुसऱ्याने किती उचललं हे बघून कोणी वजन मागितलं, की त्या दिवशी त्याला वजन मिळायचंच नाही. शिडीला लोखंडी दांडा मिळाला, मग त्याला वजनाच्या छोट्या चकत्या लागल्या. तेव्हा ती रस्त्याने अशी चालली की जणू रस्ता तिच्या नावावर आहे.

आणि मग तो बुटांचा नियम. दर महिन्याच्या सुरुवातीला पोरं ओळीत बसायची आणि बाई प्रत्येकाच्या बुटाचं टोक अंगठ्याने दाबून बघायच्या. बोट टोकाला टेकलं, म्हणजे पाय वाढला, म्हणजे पोर वाढतंय. ‘हाडं आधी पळतात, स्नायू मागून येतात,’ बाई सांगायच्या. ‘मधल्या दिवसांत स्वतःचेच हातपाय परके वाटतात. त्या दिवसांत वजन वाढवायचं नाही, उड्याही कमी.’ अशा पोराच्या चकत्या काढून घ्यायच्या, काठी द्यायची आणि शटरजवळच्या कोपऱ्यात पाठवायचं. बाकीची पोरं मधल्या चटईवर आणि हे एकटं कोपऱ्यात. शिडी एकदा तिथे काही दिवस काढून आली होती. घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडली होती.

पुढच्या महिन्यात मोठी स्पर्धा होती. बाई संघ निवडणार होत्या आणि कोपऱ्यातलं पोर संघात जात नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

एका दुपारी गिऱ्हाईक आलंच नाही. टबात गरम पाणी तयार होतं. मी शिडीला म्हटलं, ‘चल, आज राणीसारखे पाय सोडून बस.’

‘नको, मला गुदगुल्या होतात.’

‘माझ्या हाताला आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही. काढ मोजे.’

ती पाय आक्रसून बसली. मला शंका आली आणि मी मोजा ओढलाच. अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं. बोटं एकमेकांवर चढलेली. मी तिचा बूट हातात घेतला, आत हात घातला, तर आतली गादीच गायब! जागा व्हावी म्हणून पोरीने ती काढून टाकली होती.

‘बाई दाबायला लागल्या की मी बोटं आत ओढून घेते,’ शिडी खाली बघत म्हणाली. मग माझा हात धरला. ‘मावशी, सांगू नकोस ना. फक्त स्पर्धेपर्यंत. प्लीज.’

‘आणखी काय लपवलंयस?’

तिने मोजा परत चढवायला घेतला. मग म्हणाली, ‘जिना उतरताना गुडघ्याखाली दुखतं. थोडंसंच.’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या पायात माझ्या चपला घातल्या, तिचे बूट काखेत मारले, दंड धरला आणि तशीच तिला व्यायामशाळेत घेऊन गेले. वाटेत मी काय काय बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. खाली बसल्या, शिडीचा पाय मांडीवर घेतला आणि गुडघ्याच्या वाटीखाली अगदी हलक्या हाताने दाबलं. शिडीने दात आवळले.

‘बाई, स्पर्धा?’ तिने विचारलं.

‘ह्या वेळी नाही, बाळा. आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचं.’

शिडी रडायला लागली आणि माझं डोकं उलटं फिरलं. मीच तिला ओढत आणलं होतं आणि आता मीच बाईंशी भांडायला उभी. ‘अहो, वर्षभर मर मर मेलीय ती पोर! एक स्पर्धा, तेवढी तरी होऊ द्या.’

‘ताई,’ बाई म्हणाल्या, ‘मला हिला अजून खूप वर्षं उडताना बघायचंय.’

मला वाटलं, आता शिडीची कानउघाडणी होईल. बाई उठल्या, सगळ्या पोरांना जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, ‘ह्यात चूक माझी आहे.’

पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

‘बूट लहान झाले म्हणून सांगणाऱ्याला मी कोपऱ्यात बसवत होते. खरं सांगून कोपराच मिळणार असेल, तर कोण कशाला सांगेल? मीही नसतं सांगितलं.’

माझ्या हातून एखादीची भुवई वाकडी झाली तर मी दोऱ्याला दोष देते, उजेडाला देते, वेळ पडली तर त्या बाईच्या कपाळालाही देते. आणि ही बाई, एवढ्या मानाची, चिमुरड्या पोरांसमोर उभी राहून सरळ माझी चूक म्हणत होती. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, कारण चटईचा आणि माझा आधीचा अनुभव चांगला नव्हता.

बाई कोपऱ्यात गेल्या, तिथली काठी आणून मधल्या चटईवर अगदी पुढे ठेवली. ‘आजपासून ज्याचे बूट लहान होतील, तो इथे उभा राहणार. आपण सगळे काठ्या घेऊन त्याच्या मागे.’ मग भिंतीवर एक खिळा ठोकला आणि शिडीचा एक बूट त्याला टांगला. ‘वाढणं ही काय लपवायची गोष्ट आहे?’

डॉक्टर म्हणाले, वाढत्या हाडावर ताण आलाय, काही दिवस उड्या बंद, वेळेवर आणलंत. बहिणीचा आणि माझा जीव भांड्यात पडला. शिडीचा नाही पडला. स्पर्धेला ती गेली, बाकावर बसून मैत्रिणींसाठी ओरडली आणि घरी येऊन न जेवता झोपली. तिला खूप वाईट वाटलं होतं आणि मलाही.

पण चटईवर पुढे उभी राहून ती काठी घेऊन बसायची-उठायची, तेव्हा मागची लहान पोरं तिच्याकडे बघून टाचा टेकवायची. हळूहळू दुखणं गेलं, चकत्या परत आल्या. पुढच्या वर्षी ती अशी उडायला लागली की संघात तिचं नाव सगळ्यात आधी आलं.

स्पर्धा तोंडावर आली होती. मी एका गिऱ्हाइकाची एक भुवई संपवून दुसरीला दोरा लावत होते, तेवढ्यात शिडी धाडकन दार ढकलून आत आली. एका पायात बूट, एक हातात.

‘मावशी, बूट लहान झाले!’

क्षणभर वाटलं, म्हणावं, अगं, हळू बोल, एवढे दिवस जाऊ देत. ‘आणि स्पर्धा?’ मी विचारलं.

‘बाई बघतील ना. पण आधी सांगायला तर हवं.’

मी दोरा टाकला आणि तिच्या मागोमाग निघाले. बाईंनी गुडघ्याखाली दाबलं. शिडीने मान हलवली, नाही दुखत. बाईंनी पुन्हा दाबून बघितलं, तिला खोक्यावरून एक उडी मारायला लावली आणि डोळे मिटले. आवाज आला नाही.

‘लवकर सांगितलंस,’ बाई म्हणाल्या. ‘वजन बंद, सरावाच्या उड्या कमी. दुखलं नाही, तर स्पर्धेला जाशील.’

शिडीने तो बूट भिंतीवर जुन्याशेजारी टांगला, काठी उचलली आणि अनवाणी चटईवर सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली. मागे सगळ्या काठ्या वर गेल्या. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत. पार्लरमध्ये एका भुवईची बाई माझी वाट बघत होती. बघू दे म्हटलं.